निकोलाय यांच्या घरातल्या आकृत्या

बर्लिनमधला ब्रूडरश्ट्रास हा रस्ता. दुसऱ्या महायुद्धात इथली बहुतेक जुनी घरं गेली, 13 नंबरचं हे घर मात्र उभं राहिलं. 1787 मध्ये ते लेखक आणि प्रकाशक फ्रीड्रिश निकोलाय यांनी विकत घेतलं. पुस्तकांचं दुकान, प्रकाशनाचा व्यवसाय आणि संसार, सगळं याच छताखाली.

निकोलाय बर्लिनचेच, जन्म 1733 चा. वडील पुस्तकविक्रेते. त्यांनी मुलाला धंदा शिकायला ओडर नदीकाठच्या फ्रांकफुर्टला, एका पुस्तकाच्या दुकानात धाडलं. विद्यापीठाची पदवी त्याच्या वाट्याला आली नाही. दुकानातली पुस्तकं वाचत तो स्वतःच शिकला, इंग्रजीसुद्धा.

बर्लिनला परतल्यावर त्याला दोन मित्र मिळाले. एक लेसिंग, पाद्र्याचा मुलगा आणि नाटककार. दुसरे मोझेस मेंडेल्सझोन, रेशमाच्या कारखान्यात हिशेब लिहिणारे ज्यू तत्त्वज्ञ. ज्यूंना बर्लिनमध्ये राहायलाही परवाना लागायचा, तो हा काळ. अशा काळात हे तिघे एकत्र बसून साहित्यावर वाद घालत आणि नियतकालिकं चालवत. निकोलाय यांना खरं तर फक्त लिहायचं होतं, त्यासाठी त्यांनी धंद्यातून अंगही काढून घेतलं होतं. पण 1758 मध्ये थोरला भाऊ वारला आणि पंचविसाव्या वर्षी दुकान त्यांच्या गळ्यात आलं.

त्या दुकानातूनच त्यांनी आपलं सर्वांत मोठं काम उभं केलं. जर्मनी तेव्हा शेकडो संस्थानांत विखुरलेला. एका टोकाला काय छापलं जातंय, याचा दुसऱ्या टोकाच्या वाचकाला पत्ता नसे. 1765 मध्ये निकोलाय यांनी ‘आल्गेमाइनं डॉइचं बिब्लिओटेक’ हे परीक्षणांचं नियतकालिक काढलं. जर्मन भाषेत निघणाऱ्या प्रत्येक नव्या पुस्तकाची दखल घ्यायची, हा त्यामागचा हट्ट. गावोगावचे चारशेहून अधिक परीक्षक नाव न छापता लिहीत. प्रशियात, म्हणजे बर्लिन ज्याची राजधानी होती त्या राज्यात, धर्माच्या नावाखाली सेन्सॉरशिप कडक झाली, तेव्हा काही वर्षं हे काम दुसऱ्याच्या हाती सोपवावं लागलं. तरी ते 1806 पर्यंत चाललं आणि सुमारे 80,000 पुस्तकांची परीक्षणं झाली. विखुरलेल्या वाचकांना एकमेकांच्या जवळ आणणारं इतकं मोठं काम त्या शतकात क्वचितच कुणी केलं असेल.

त्यांची ‘सेबाल्डुस नोटआंकर’ ही कादंबरी 1773 पासून भागाभागानं निघाली. नरकातली शिक्षा कायमची असते, हे न मानणाऱ्या एका पाद्र्याची नोकरी जाते, त्याची ही कथा. पुढे त्यांनी जर्मन कवी गटेच्या ‘वेर्टर’ या कादंबरीचं विडंबन लिहिलं. मूळ कादंबरीत प्रेमभंग झालेला नायक पिस्तुलानं आत्महत्या करतो. विडंबनात पिस्तुलात कोंबडीचं रक्त भरलेलं असतं, त्यामुळे नायक मरत नाही, उलट त्याचं लग्न होतं. गटेला ते फार झोंबलं. 1808 च्या ‘फाउस्ट’ या नाटकात त्यानं निकोलाय यांची जाहीर टवाळी केली, ती जळवांवरून. निकोलाय तेव्हा पंचाहत्तरीत होते.

आज अनेकांना निकोलाय आठवतात ते त्या टवाळीमुळे. म्हणून मूळ प्रसंग नीट सांगायला हवा.

24 फेब्रुवारी 1791. दुःखानं आणि त्राग्यानं मन थकलेलं. सकाळी दहा पावलांवर त्यांना एक मेलेली व्यक्ती उभी दिसली. पत्नीला काहीच दिसेना. मग रोज आकृत्या येऊ लागल्या, बाजारातल्या माणसांसारख्या ये-जा करू लागल्या, काही आठवड्यांनी बोलूही लागल्या. निकोलाय यांनी भुताखेतांना हाक मारली नाही. हा आजार आहे, असं मानून ते निरखत राहिले, आणि 1799 मध्ये बर्लिनच्या विज्ञान अकादमीपुढे त्यांनी सगळं वाचून दाखवलं. स्वतःच्या मनाचा बिघाड चारचौघांत असा तपशिलानं सांगायला धैर्य लागतं.

1791 च्याच 20 एप्रिलला अकरा वाजता उपचार म्हणून त्यांना रक्त शोषणाऱ्या जळवा लावल्या. खोली तेव्हा आकृत्यांनी भरलेली होती. साडेचारला त्यांची चाल मंदावली. सातपर्यंत त्या पांढऱ्याफटक पडल्या. मग हळूहळू हवेत विरत गेल्या, आणि आठच्या सुमाराला खोलीत कुणीच उरलं नाही.