फॉर्मवरचा रिकामा रकाना

नमस्कार मंडळी. कार्यवाह घड्याळ काढून समोरच बसलेत, तेव्हा आवरतं घेतो. खरं तर मी ठाण्याच्या तलावपाळीविषयी बोलणार होतो. पण मंगळवारी घरात भांडण झालं आणि भाषणच फिरलं.

आमचा मुलगा तेरा वर्षांचा. चर्चमध्ये त्याचा दृढीकरण संस्कार, म्हणजे कन्फर्मेशन आहे, त्याचा फॉर्म भरत होता. त्यात पादरीनचं नाव लिहायचं, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाची जबाबदारी घेणारा धर्मपिता. मी ठाण्याच्या माझ्या दोस्ताचं नाव सांगितलं. चिरंजीव म्हणाले, “बाबा, तो माणूस वारला तर मला कोण कळवणार?”

माझा पारा चढला. तो माणूस? अरे, मासुंदा तलावाशेजारच्या सेंट जॉन चर्चमध्ये, तुझ्या बाप्तिस्म्याला तुझ्या वतीने सैतानाला नकार दिलाय त्याने!

“मग माझ्याशी का नाही बोलत?”

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “आणि तू ज्याचा पादरीन आहेस, तो कितवीत आहे?”

“सातवीत.”

“इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.”

वसईच्या कुपारी या ख्रिस्ती समाजाचं नावच म्हणे पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’वरून आलं, बाळाचा बाप आणि पादरीन एकमेकांचे लागतात ते नातं. १९१७च्या चर्चच्या कायद्यात पादरीनला त्या लेकराशी लग्न करता येत नसे, इतकं ते नातं सख्खं धरलेलं. १९८३च्या कायद्यात ती अट गेली. आमचे एकमेकांना होणारे फोन त्याच्याही नंतर बंद झाले, कायद्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

आपल्या ठाण्यात १३२१ साली चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. तीन इटलीचे, एक तिफ्लिसचा, म्हणजे आजच्या जॉर्जियातल्या तिबिलिसीचा. मागे कोण रडणार होतं? जॉर्डन नावाच्या दुसऱ्याच संघाच्या, डॉमिनिकन साधूने त्यांना सोपाऱ्याला नेऊन पुरलं. पुढे ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन साधू आला आणि त्यांच्या अस्थी थेट चीनला घेऊन गेला. जहाजाने! आणि मला ठाण्याला एक फोन लावायला वर्षं लागतात. मंगळवारपासून हा ओडोरिक माझ्या मानगुटीवर बसलाय.

आता थोडं तुम्हालाही बोलतो, रागावू नका. इथे मंडळात मला दरवर्षी कुणीतरी विचारतं, “तुम्ही ख्रिश्चन, मग मराठी इतकं छान कसं?” अहो, ठाण्याच्या मामलेदारची मिसळ खाऊन डोळ्यांत पाणी आलं की माणूस कुठल्या भाषेत ओरडतो? पण ते सोडा. गणपतीला आपण दीडशे जण जमतो, मोदक संपले की पार्किंगकडे पळतो. शेजारी बसलेल्याच्या पोराचं नाव किती जणांना ठाऊक आहे? मला नाही. मी मंडळाचा खजिनदार, मला फक्त कुणाची वर्गणी थकलीय ते ठाऊक.

काल रात्री हिंमत करून ठाण्याला फोन लावला, मी ज्याचा पादरीन आहे त्या लेकराला. चांगला घोगरा, पुरुषी आवाज आला. “हॅलो, कोण?”

कोण म्हणून सांगू, तेच सुचेना. “राँग नंबर,” म्हणालो आणि ठेवला.

मुलगा समोरच बसला होता. काही बोलला नाही. फॉर्म रविवारी द्यायचाय, तो रकाना अजून रिकामा आहे.