दुसऱ्याच्या इंजिनावर धावणारा टायगर

(दृश्य: वर्कशॉपच्या दारातून बाहेर येणारा टायगर. धूर, ट्रॅकचा (चाकांवरून फिरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांचा) खडखडाट.)

या रणगाड्याच्या पोटात धडधडतंय ते इंजिन मुळात त्याचं नाहीच.

इंग्लंडमध्ये, डॉर्सेट परगण्यातल्या बॉव्हिंग्टनला रणगाड्यांचं संग्रहालय आहे. हा तिथला टायगर १३१, दुसऱ्या महायुद्धातला जर्मन रणगाडा. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या एका चर्चिल रणगाड्याचा गोळा नेमका याच्या टरेटच्या, म्हणजे तोफेच्या फिरत्या बुरुजाच्या, सांध्यात बसला. टरेट जाम झाला आणि जर्मन तुकडी गाडी सोडून निघून गेली. चांगल्या स्थितीतला टायगर आयताच हाती आला म्हटल्यावर ब्रिटिशांनी तो खोलून तपासला. त्याचं मूळ मायबाख इंजिन तर आतली रचना दिसावी म्हणून पुढे चक्क उभं कापलं गेलं.

त्यामुळे १९९० मध्ये दुरुस्तीला हात घातला, तेव्हा इंजिन घ्यावं लागलं संग्रहालयातल्याच किंग टायगरचं. थोरल्या भावाचं काळीज धाकट्याला. जवळजवळ सगळी गाडी सुटी करून पुन्हा जोडली, आग विझवणारी आजची यंत्रणा बसवली, आणि डिसेंबर २००३ मध्ये टायगर चालत्या इंजिनासह संग्रहालयात परतला.

(दृश्य: चाकं, अगदी जवळून.)

ही चाकं बघा. एकावर एक चढलेली, पत्त्यांसारखी पसरलेली. ५७ टनांचा भार जमिनीवर सारखा पडावा, म्हणून ही मांडणी. चालवणाऱ्याला सुख, मेकॅनिकच्या नशिबी वनवास! आतलं एक चाक बदलायचं तर आधी बाहेरची कितीतरी उतरवा. रेल्वेनं न्यायचा असला की ७२५ मिलिमीटर रुंदीचे ट्रॅक काढून ५२० मिलिमीटरचे चढवा. युद्धात हे सगळं चिखलात, अंधारात करायचं. टायगरच्या दहशतीबद्दल खूप लिहिलं गेलंय. त्याच्या सैनिकांची निम्मी लढाई पान्यांशी होती, हे गाडी चालती ठेवणाऱ्यांना लगेच कळतं.

अमेरिकी शर्मन रणगाड्याची तऱ्हा वेगळी. एम४ए१ मॉडेलमध्ये विमानाच्या घराण्यातलं रेडियल इंजिन आहे, नऊ सिलिंडर गोलाकार मांडलेले. गाडी उभी राहिली की तेल खालच्या सिलिंडरांमध्ये उतरतं. तसाच स्टार्टर मारला, तर तेल दाबलं जात नाही आणि आतला रॉड वाकतो. म्हणून आधी मागच्या बाजूला हँडल लावून इंजिन हातानं फिरवायचं. घाम निघतो. मग कुठे खोकत, धुराचा लोट सोडत ते जागं होतं. काचेपलीकडे उभ्या असलेल्या शर्मनकडे बघून यातलं काय कळणार?

पण चालवलं की झिजतं. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत, नवे घडवावे लागतात. टायगरच्या बाबतीत ती झीजसुद्धा वाया गेली नाही. युद्धकाळातले जर्मन मिश्रधातू कसे होते, हे धातुतज्ज्ञांनी त्यावरून अभ्यासलं. तरी त्याला मैदानात आणतात ते मोजक्याच दिवशी. मला हे पटतं. रोज पळवायला ती काही जत्रेतली गाडी नाही.

(दृश्य: दालनातला मार्क वन. मग मैदानातली प्रतिकृती.)

आणि काहींना हातच लावायचा नसतो. पहिल्या महायुद्धात, १५ सप्टेंबर १९१६ ला फ्रान्समधल्या सोमच्या आघाडीवर रणगाडे पहिल्यांदा लढाईत उतरले, ते मार्क वन. त्यातला जगात उरलेला एकच इथं आहे, तो दालनातच उभा असतो. मैदानात फिरते ती एका चित्रपटासाठी बांधलेली मार्क फोरची, म्हणजे मार्क वनच्या पुढच्या मॉडेलची, प्रतिकृती. दिसायला हुबेहूब, पण आतली यंत्रणा आजची. मूळ मार्क वनमध्ये आठ माणसं, मध्यभागी तापलेलं इंजिन, डोळे झोंबवणारा धूर. नुसता वळवायचा तरी चौघं लागत: एक चालक, ब्रेकवर कमांडर आणि गिअर बदलायला मागे दोघं. बोललेलं ऐकू येत नसे, म्हणून धातूवर ठोकून खुणा करायच्या. वेग ताशी जेमतेम सहा किलोमीटर, म्हणजे शेजारून झपाझप चालणाऱ्या शिपायाइतकाच.