शनिवार सांभाळून इस्रायल

(पडद्यावर: नवगावचा किनारा, बेने इस्रायलींची जुनी दफनभूमी)

अलिबागजवळचं नवगाव. इथे गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं कोकणातला बेने इस्रायली ज्यू समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला. पुढे या लोकांनी गावोगावी तेलाचे घाणे चालवले. शनिवार म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा वार; त्या दिवशी घाणा बंद, म्हणून नाव पडलं शनवार तेली. पेणकर, किहीमकर, दिवेकर ही त्यांची आडनावं. १९४८नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. दिमोना, अश्दोदकडे आजही मराठी कानावर पडतं.

तिकडे फिरायला निघालात, तर बेत याच शनिवारभोवती आखा. शब्बाथ शुक्रवारी सूर्यास्तालाच लागतो, म्हणून शुक्रवारी दुपारनंतर रेल्वे आणि बहुतेक बस थांबतात, त्या शनिवारी अंधार पडल्यावर सुटतात. त्या वेळात विमान उतरलं, तर टॅक्सीचं भाडं मोजावं लागतं. रविवार मात्र कामाचा वार. आणि तिकिटाआधी भारत सरकारची ताजी प्रवाससूचना वाचाच. बऱ्याच विमा पॉलिसींत युद्धामुळे झालेलं नुकसान धरत नाहीत.

(पडद्यावर: जेरुसलेम, जुनं शहर)

शुक्रवारी दुपारपर्यंत जेरुसलेम गाठलेलं बरं. तटबंदीतलं जुनं शहर जेमतेम एक चौरस किलोमीटर, त्यामुळे शनिवार पायी सहज निघतो. पश्चिम भिंतीपाशी, म्हणजे ज्यूंच्या पवित्र प्रार्थनास्थळी, पुरुषांनी डोकं झाकायचं, बायकांची जागा वेगळी, शब्बाथला फोटो काढायचा नाही. येशूच्या समाधीचं चर्च सहा ख्रिस्ती पंथांनी वाटून घेतलंय, आणि दाराची जबाबदारी दोन मुस्लिम घराण्यांकडे! अल-अक्सा मशिदीच्या आवारात बिगरमुस्लिमांना फक्त मुघराबी दरवाजातून सोडतात, तेही ठरावीक तासांत; शुक्रवारी, शनिवारी नाहीच. आपल्या पूजेच्या वस्तू खोलीवरच ठेवा, तपासणीत अडवतात.

हैफाला बहाई पंथाची डोंगरउतारावरची एकोणीस टप्प्यांची बाग आहे. वेळ असेल तर जा.

(पडद्यावर: मृत समुद्र)

मृत समुद्र चुकवू नका. जेरुसलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच, हा किनारा ४३० मीटरहूनही खाली; उतरताना कानात दडे बसतात. पाणी आपल्या समुद्राच्या जवळपास दहापट खारट. आदल्या दिवसापासून दाढी करू नका, बारीक कापलेलंही झोंबतं. लाटांत पोहणाऱ्या कोकणी माणसाने इथे जास्त जपावं. पालथं पोहायला गेलं की पाय वर उसळतात, तोंड पाण्यात जातं आणि उलटणं अवघड होतं. माणसं बुडतात ती अशीच. गुडघाभर पाण्यात बसा, मग अलगद उताणे व्हा. उठायचं असलं की गुडघे पोटाशी घ्या, हात खाली दाबा. पंधरा-वीस मिनिटं पुरे.

जीवरक्षक असलेला अधिकृत किनाराच धरा. पाणी वर्षाला सुमारे एक मीटर उतरतंय. मागे राहिलेल्या जमिनीत गोडं भूजल शिरतं, खालचे मिठाचे थर विरघळतात आणि जमीन अचानक खचते. डोळ्यात थेंब गेला तर चोळू नका, हातही खारटच असतो. गोड्या पाण्याची बाटली काठावर, झाकण सैल करून ठेवा.