चवथीची रजा

[दृश्य: वाळपई, सकाळ. कवायतीचं मैदान.]

सत्तरी तालुक्यातलं वाळपई. गोवा पोलिसांच्या नव्या भरतीला इथं कवायत, कायदा आणि हत्यारं शिकवतात. नेम बरोबर लागला की नाही, हे निशाणाकडे पाहताच कळतं.

पुढं वर्षं सरतात. उपनिरीक्षकाचा निरीक्षक होतो, ठाणं त्याच्या ताब्यात येतं. मग त्याला व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाला पाठवतात: नेतृत्व, संवाद, ताणतणाव, माणसं सांभाळणं. इथला नेम लागला की नाही, हे कुणी आणि कुठं पाहायचं?

[दृश्य: वर्गातल्या बाकावर अभिप्रायाचा फॉर्म.]

शेवटच्या दिवशी जेवण झाल्यावर हा फॉर्म फिरतो. परतीची घाई असते. 'उत्तम', 'उत्तम', 'उत्तम', खाली सही. व्याख्याता आवडला, जेवण बरं होतं, एवढंच यातून कळतं.

अमेरिकी प्राध्यापक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या. आवडलं का? शिकला का? वागणं बदललं का? कामात फरक पडला का? या फॉर्मवर आपण पहिल्याच पायरीशी थांबतो. खरं तर पोलिसांचं शिक्षण म्हणजे नुसती कवायत नव्हे, ही जाण आपल्याकडे जुनीच आहे. १९७१ मध्ये केंद्रानं पोलीस प्रशिक्षणासाठी समिती नेमली, तेव्हा अध्यक्षपद दिलं ते प्रा. मा. स. गोरे या समाजशास्त्रज्ञाला.

[दृश्य: ठाण्याच्या भिंतीवरचा ड्युटीचा तक्ता.]

तिसरी पायरी दिसते ती इथं. हा तक्ता जवळून पाहा. खोडलेली नावं, त्यावर लिहिलेली दुसरी नावं. सलग तीन रात्री एकाच हवालदाराच्या नावावर. आता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आलीय. सत्तरीतल्या शिपायाला माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, बांधायला घरी जायचंय, पण बंदोबस्तही आहे. रजा कुणाला? साहेबांच्या मर्जीतल्याला, की गेल्या चवथीला जो ड्युटीवर होता त्याला? आणि नाही म्हणायचं झालं, तर साहेब समोर बोलावून कारण सांगतात, की अर्ज तसाच टेबलावर पडून राहतो? आठवडाभराच्या वर्गात जे शिकवलं, त्याची परीक्षा या एका अर्जावर होते.

म्हणून प्रशिक्षणाआधीचा तक्ता जपून ठेवायला हवा, आणि सहा महिन्यांनी नवा त्याच्या शेजारी लावायला हवा. हाताखालच्या माणसांनाही विचारायला हवं, मात्र नाव न लिहिता आणि साहेबांच्या माघारी. नाहीतर उत्तर ठरलेलं: 'सगळं ठीक आहे, सर.'

[दृश्य: मे अखेर. किनाऱ्यावरचे शॅक, म्हणजे हंगामी खानावळी, मोडले जात आहेत.]

चौथी पायरी सगळ्यात फसवी, आणि गोव्यात तर फारच. मार्चमध्ये प्रशिक्षण झालं, जुलैत किनाऱ्यावरच्या तक्रारी कमी झाल्या. श्रेय साहेबांच्या नेतृत्वाला द्यायचं? पाऊस लागला, पर्यटक गेले, हे कोण धरणार? जुलैची तुलना गेल्या जुलैशीच हवी, आणि ज्या ठाण्याचा अधिकारी अजून प्रशिक्षणाला गेलेला नाही, तिथले आकडेही शेजारी हवेत. शिवाय आकडा वाढला म्हणजे बिघडलंच असं नाही. पूर्वी जी बाई दारातूनच माघारी जायची, तिची तक्रार आता लिहून घेतली जात असेल, तर नोंदी वाढणारच. मला ती वाढ आशेची वाटते.

राहिली बदली. सहा महिन्यांनी पाहायला जावं, तर साहेब दुसऱ्याच ठाण्यात. अशा वेळी मूल्यमापनानं त्यांच्या मागोमाग जावं. शिकलेलं अंगी मुरलं असेल, तर ते नव्या भिंतीवरच्या तक्त्यावरही दिसेल.

[दृश्य: चवथीची पहाट. माटोळीचं सामान घेऊन एक शिपाई घराच्या पायऱ्या चढतो.]

गेल्या चवथीला हा बंदोबस्तावर होता. यंदा त्याचा अर्ज तक्ता लागण्याआधीच मंजूर होऊन आला.