बारनिशी ते सभागृह

(माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य : बदलापूर स्थानक, सकाळची लोकल]

सकाळी सात-साडेसातला बदलापूरचा नोकरदार माणूस गावात नसतो, फलाटावर असतो. मुंबईला पोचायला तासाच्या वर लागतो, परत यायला तेवढाच. कार्यालयं उघडतात तेव्हा तो पार पुढे निघून गेलेला असतो आणि बंद होतात तेव्हा परतीच्या गाडीत उभा असतो. म्हणून नगरपरिषदेच्या खिडकीशी बहुतेक वेळा दिसतात ती निवृत्त मंडळी, घर सांभाळणाऱ्या बायका आणि कुणी कुणी रजा टाकून आलेले. ज्यांच्या दारातलं गटार तुंबतं, त्यांतल्या अर्ध्याअधिक लोकांनी ते तुंबलंय असं लेखी कधीच कळवलेलं नसतं. त्यांच्याकडे वेळच नसतो.

[दृश्य : बारनिशीचं टेबल. रजिस्टर, शिक्का, हात]

हे टेबल नीट बघा. कार्यालयात शिरल्यावर ते आधी लागतं. ही बारनिशी, म्हणजे आलेले कागद नोंदवून घ्यायची जागा. लग्ननोंदणीचा नमुना ‘ड’, जन्म-मृत्यूचे दाखले, घरपट्टी, या सगळ्यांच्या खिडक्या वेगळ्या. पण ज्याला छापील नमुना नाही, ज्यात फक्त ‘आमच्या गल्लीतलं पाणी जात नाही’ एवढंच लिहिलंय, तो कोऱ्या कागदावरचा अर्ज इथे येतो.

या काकू शहराच्या पश्चिमेला, उल्हास नदीच्या अंगाला राहतात. अर्ज त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलाय. खाली शेजारच्या घरांच्या सह्या आहेत.

“काकू, दुसरी प्रत आणलीत ना?” टेबलामागच्या मॅडम विचारतात.

काकू पिशवीतून झेरॉक्स काढतात. पहिल्या प्रतीवर शिक्का बसतो, त्यात तारीख आणि आवक क्रमांक. रजिस्टरात तोच क्रमांक चढतो, पुढे अर्जदाराचं नाव, विषय, शाखा. मग दुसऱ्या प्रतीवर तोच शिक्का, तोच क्रमांक आणि सही. ही पोच. काकू ती घडी न घालता प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सरकवतात.

आम्ही कॅमेरा या टेबलावर मुद्दाम जास्त वेळ ठेवलाय. तुंबलेल्या गटाराचे फोटो हल्ली व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतात. ‘साहेबांना पाठवलंय’ असं कुणीतरी लिहितं आणि दुसऱ्या दिवशी फोटो वर सरकून जातो. महिन्याने विचारायला गेलं तर काय विचारणार? त्या फोटोला क्रमांक नसतो. काकूंच्या कागदाला आहे. राज्य सरकारच्या ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार केली तरी टोकन क्रमांक मिळतो, तोही जपून ठेवण्यासारखा. क्रमांक असला की शाखा सांगावी लागते, शाखा कळली की टेबल सापडतं, आणि टेबल सापडलं की त्या टेबलावरच्या माणसाला फाईल उघडावी लागते.

बारनिशीतून कागद टपालात जातो. शिपाई टपालाचं पॅड घेऊन मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात जातो. तिथे कोपऱ्यात शेरा पडतो, ‘बांधकाम, स्थळपाहणी करून अहवाल सादर करावा’. एका ओळीचा शेरा, खाली आद्याक्षरी सही. आता हा अर्ज राहिला नाही, नस्ती झाली, म्हणजे फाईल. तिला टिपणी जोडली जाईल, पानांना क्रमांक पडतील आणि ती एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाईल.

[दृश्य : रांगेतले लोक, हातातले कागद]

रांगेत काकूंच्या मागे उभे आहेत ते गृहस्थ पाण्याच्या दाबाची तक्रार घेऊन आलेत. तिसऱ्या मजल्यावर पाणी चढत नाही. त्यांना इथून दुसरीकडे जावं लागणार. बदलापूर आणि अंबरनाथ या दोन्ही शहरांना पाणी नगरपरिषद देत नाही, महाराष्ट्र जीवन प्राधिकरण देतं. नदीवरच्या बॅरेजमधून पाणी उचलणं, ते शुद्ध करणं, जलवाहिन्या, बिलं, सगळं त्यांच्याकडे. नव्याने राहायला आलेल्या कुटुंबाला हे बऱ्याचदा ठाऊकच नसतं. रस्त्यावरचा दिवा नगरपरिषदेचा, त्यातली वीज महावितरणची. फलाट मध्य रेल्वेचा, त्याच्या बाहेरचा रस्ता नगरपरिषदेचा. नदी चढली तर कुठपर्यंत येईल ती पूररेषा जलसंपदा विभाग आखतो, पण त्या रेषेच्या अलीकडे-पलीकडे राहणाऱ्यांचं गटार पुन्हा नगरपरिषदेचं.

त्यामुळे ‘ते आमच्याकडे येत नाही’ हे खिडकीवर ऐकू येणारं वाक्य अनेकदा खरंच असतं. आमचं म्हणणं एवढंच, की तेही लेखी मिळालं पाहिजे. माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या कार्यालयात पडला, तर तो पाच दिवसांत योग्य कार्यालयाकडे वर्ग करून अर्जदाराला कळवावं असं २००५चा कायदा सांगतो. पाण्याच्या दाबाची तक्रार घेऊन आलेल्या साठीच्या माणसालाही तेवढी सोय असायला हवी. त्याला भर उन्हात एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात पाठवू नये.

[दृश्य : गल्ली. टेप, मोरी, गटार]

“काका, तिकडचं टोक धरा. नाही, भिंतीला टेकवून.”

बांधकाम शाखेचे अभियंते आलेत. टेपचं एक टोक त्यांच्या हातात, दुसरं शेजारच्या काकांच्या. गल्लीची लांबी, गटाराची खोली आणि रुंदी, शेवटी पाणी बाहेर सोडणाऱ्या मोरीचं तोंड, सगळं मोजून वहीत उतरतं. मग ते वाकून उतार बघतात. सगळा घोळ या उतारात आहे. गटार नदीकडे उतरतं. पावसाळ्यात नदी चढली की मोरीतून पाणी बाहेर पडायचं थांबतं, आणि आणखी चढली की त्याच वाटेने उलटं आत येतं. अशा वेळी नुसता गाळ काढून भागत नाही. नालेसफाई दरवर्षी मे महिन्यात होते, ती झालीच पाहिजे, पण मोरीचं तोंड अरुंद आणि उतार कमी असेल तर सफाईनंतरही पाणी तिथेच उभं राहणार. काकूंच्या अर्जात हे सगळं दोन ओळींत लिहिलेलं आहे. ‘गाळ काढतात, पण पाणी जात नाही.’ रोज उंबऱ्यात उभं राहून गटाराकडे बघणाऱ्या बाईने जे लिहिलं, टेपने आज तेच दाखवलं.

पुढचं काम कागदावरचं. सार्वजनिक बांधकाम विभागाची दरसूची समोर ठेवून अंदाजपत्रक बनतं. खोदाई किती, ह्यूम पाईप कोणत्या व्यासाचा, चेंबर किती, काँक्रीट किती, निघालेली माती टाकायची कुठे. त्याला तांत्रिक मंजुरी लागते. लेखा शाखा बघते की कोणत्या लेखाशीर्षाखाली तरतूद आहे आणि तिच्यात शिल्लक काय. पैसा येतो कुठून? त्याचा एक भाग तुमच्या-आमच्या मालमत्ता करातून. ३१ मार्चला भरणा खिडकीवर झुंबड उडते ती याच पैशाची, आणि थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, बसते तीही त्याचीच. नंतर निविदा, कार्यादेश, प्रत्यक्ष काम. झालेलं काम मोजमाप पुस्तिकेत, सगळे म्हणतात त्या ‘एमबी’त, चढल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघत नाही. कामाच्या जागी फलक असतो. त्यावर रक्कम वाचा, ठेकेदाराचं नाव वाचा आणि दोषदायित्वाचा कालावधी वाचा. त्या मुदतीत काम खचलं तर दुरुस्ती ठेकेदारानेच करायची असते.

पण निविदेच्या आधी एक पायरी आहे, आणि हा माहितीपट करायचं आम्ही ठरवलं ते त्या पायरीसाठी. खर्चाला मंजुरी कुणी द्यायची?

[दृश्य : सभागृह, रिकाम्या खुर्च्या, माईक]

कायद्याप्रमाणे ती द्यायची निवडून आलेल्या लोकांनी, या खोलीत बसून.

थोडं मागे जावं लागेल. कल्याण महानगरपालिका १९८३ साली झाली तेव्हा अंबरनाथ आणि बदलापूर तिच्यातच होती. १९९२ मध्ये दोन्ही बाहेर काढली गेली आणि ठाणे जिल्ह्यात दोन नगरपरिषदा उभ्या राहिल्या, अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूर. त्याच वर्षी संसदेत ७४वी घटनादुरुस्ती मंजूर झाली आणि १९९३पासून लागू झाली. शहराचा कारभार दर पाच वर्षांनी निवडलेल्या लोकांच्या हाती असेल, आणि मुदत संपायच्या आत पुढची निवडणूक होईल, असं घटनेत आलं. तेव्हाचं कुळगाव-बदलापूर आजच्यासारखं नव्हतं. २००१च्या जनगणनेतही लोकसंख्या लाखाच्या आत होती. २०११ला ती १,७४,२२६ झाली. अंबरनाथ २,५३,४७५. त्यानंतर जनगणना झालेली नाही, पण टॉवर किती उभे राहिले ते लोकलच्या खिडकीतूनही दिसतं.

या दोन्ही नगरपरिषदांची निवडणूक एप्रिल २०१५ मध्ये झाली. मे २०२०ला मुदत संपली. तेव्हा करोनाची टाळेबंदी होती. पाठोपाठ इतर मागासवर्गाच्या आरक्षणाचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, प्रभागरचना बदलत राहिली आणि निवडणूक लांबली. ६ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असं सांगितलं, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मतदान झालं. मधली साडेपाच वर्षं सरकारने नेमलेले प्रशासक होते. नगरपरिषदेचे अधिकार त्यांच्याकडे, त्यामुळे ठरावही त्यांचेच. विषय दालनात मांडला जायचा आणि दालनात मंजूर व्हायचा.

प्रशासक काम करत नाहीत असं आम्ही म्हणत नाही. रस्ते झाले, दिवे लागले, दाखले मिळत राहिले. पण दालनातल्या ठरावाला सूचक नसतो, अनुमोदक नसतो, विरोध करणारा नसतो. ‘आमच्या प्रभागातलं काम यादीत का नाही’ असं उभं राहून विचारणारं कुणी नसतं. जुलै २०१९च्या पुरात, महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली तेव्हा, शहरात नगरसेवक होते. जुलै २०२१ला नदीचं पाणी पुन्हा वस्तीत शिरलं तेव्हा नव्हते.

[दृश्य : नदीकाठच्या घरांच्या भिंती, पाण्याच्या खुणा]

[निवेदन नाही. नदीचा आवाज]

[दृश्य : सूचना फलक, विषयपत्रिका]

आता सभेचे दिवस पुन्हा आले आहेत. ती कशी चालते ते बघून ठेवा.

सभेआधी नोटीस निघते, तिच्यासोबत विषयपत्रिका. विषय क्रमांक १ बहुधा ठरलेला असतो, मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे. लोक त्याला उपचार समजतात. आम्हाला तो सगळ्यात महत्त्वाचा विषय वाटतो. मागच्या वेळी कोण काय बोललं, कुणी विरोध नोंदवला, ठरावाचे नेमके शब्द काय होते, हे त्या पानांवर असतं, आणि एकदा कायम झालं की तेच खरं धरलं जातं. नंतर येतात दाखल झालेले विषय, एकेक क्रमांकाने. बांधकाम, स्वच्छता, दिवाबत्ती, महिला व बालकल्याण, ज्या त्या समितीकडून आलेले.

आणि शेवटी आयत्या वेळचे विषय. इथे कान टवकारून बसायला हवं. तातडीच्या कामासाठी ही सोय आवश्यक आहे, पूर आला तर कुणी पुढच्या सभेची वाट बघू नये. पण विषयपत्रिकेवर नसलेला खर्च आयत्या वेळी मांडला गेला, तर नागरिकांना आधी वाचायला काही मिळत नाही आणि नगरसेवकालाही अभ्यास करून येता येत नाही. आयत्या वेळचे विषय कमीत कमी असावेत, आणि जे येतील ते का तातडीचे होते याचं कारण इतिवृत्तात लिहिलेलं असावं, ही मागणी आम्ही इथे उघडपणे करतो.

ठराव मंजूर झाला तरी त्याच्यावर कुणीच नाही असं नाही. १९६५च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ने ठाण्याला बसणाऱ्या जिल्हाधिकाऱ्यांना ठरावाची अंमलबजावणी थांबवण्याचा अधिकार दिलाय. ठराव चुकीचा वाटला तर कलम ३०८चा हवाला देऊन त्यांच्याकडे लेखी जाता येतं. त्यासाठी ठरावाचा क्रमांक आणि तारीख लागते, म्हणजे पुन्हा इतिवृत्तच लागतं.

सभा नागरिकांसाठी खुली असते. ऐकायला बसता येतं. मध्ये बोलता येत नाही, वही मात्र नेता येते. इतिवृत्ताची प्रत हवी असेल तर माहिती अधिकारात साधा अर्ज करायचा. त्याला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, प्रतीला पानामागे २ रुपये. उत्तराची मुदत ३० दिवस. नाही आलं तर त्याच कार्यालयात प्रथम अपील.

[दृश्य : गल्ली, दुपार]

काकूंच्या गल्लीचं अंदाजपत्रक तयार झालंय. मंजुरीसाठी ते सभेपुढे यायचं आहे. विषयपत्रिकेत मोरीचं काम आहे का, असेल तर कितव्या क्रमांकाला, हे फलकावर बघून यायचं काम शेजारच्या मुलाने घेतलंय. त्याची रात्रपाळी असते, दुपारी तो मोकळा असतो. सभेलाही काकूंबरोबर तोच बसणार आहे.