रोप घेताना आधी मातृवृक्ष विचारा

(नाशिकला फळबागायतदारांसमोर केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

समोर कसमादे (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) पट्ट्यातली मंडळी बरीच दिसतायत, म्हणून डाळिंबापासूनच सुरुवात करते. तेल्या या जिवाणूंच्या रोगाने बागांचं काय केलं, हे मी तुम्हाला सांगायला नको. तेव्हा लागवड व्हायची ती गुटी कलमाने, म्हणजे झाडावरच्या फांदीला तिथेच मुळं फोडून. गुटीचा दोष नव्हता. पण ज्या झाडावर ती बांधली, त्या मातृवृक्षाच्या फांदीत तेल्याचा जिवाणू असेल तर तो कलमासोबत नव्या शेतात जातो. एका बागेतला रोग आपणच टेम्पोत भरून दुसऱ्या गावाला नेला.

पुढे टिश्यू कल्चरची, म्हणजे झाडाच्या लहानशा तुकड्यापासून प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली, रोपं आली आणि बाटलीतलं रोप म्हणजे रोगमुक्त, असा समज झाला. मी कळकळीने सांगते, बाटली रोग धुऊन काढत नाही. आम्ही मातृवृक्षाच्या कोवळ्या फांदीचा एका डोळ्याचा तुकडा घेतो, निर्जंतुक करतो आणि साखर, क्षार, वाढीची संजीवकं घातलेल्या अगारच्या जेलीवर ठेवतो. निर्जंतुक केल्याने वरची बुरशी मरते. आत बसलेला जिवाणू मरेलच असं नाही. आमची एक बॅच चार महिने स्वच्छ होती. एका सकाळी बाटली उजेडात धरली, तर खोडाच्या बुडाशी दुधाचा थेंब पसरावा तसं धुरकट वलय. बाकीच्या बाटल्यांतही तेच. सगळ्या ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, घालून फेकल्या. तो मातृवृक्ष आम्ही तपासलाच नव्हता, आणि ते मला अजून लागतं.

केळीचं तसंच. मुनव्याच्या, म्हणजे बुंध्याशी फुटणाऱ्या कोंबाच्या, गाभ्यातला शेंडा घेतला, तरी बंची टॉप (पर्णगुच्छ) रोगाचा विषाणू आत असू शकतो. म्हणून तपासणी हवीच. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २००६ मध्ये टिश्यू कल्चर रोपांसाठी प्रमाणीकरण सुरू केलं, ते याचसाठी. शिवाय एकाच शेंड्यापासून किती वेळा वाढ घेतली, तेही विचारा. ती फार वेळा घेतली की बुटकी, विचित्र पानांची झाडं निघू लागतात, आणि ते कळतं शेतात, पैसे देऊन झाल्यावर.

द्राक्षवाले डॉगरिज जातीच्या खुंटावर, म्हणजे मुळं पुरवणाऱ्या वेलीवर, कलम करायचे डोळे कुठल्या बागेतले, हे चारदा विचारतात. डाळिंबाला आणि केळीला तोच प्रश्न का नाही?

आता हार्डनिंग, म्हणजे बाटलीतल्या रोपाला बाहेरच्या हवेची सवय लावणं. माझ्या मते निम्मं नुकसान इथेच होतं. बाटलीत हवा दमट, आणि खायला आयती साखर. त्यामुळे पानावर मेणाचा थर जेमतेम असतो, पानाची छिद्रं नीट मिटत नाहीत. असं रोप थेट उन्हात ठेवलं तर दुपारपर्यंत माना टाकतं. मुळांना चिकटलेली जेली आम्ही पाण्यात बोटांनी अलगद सोडवतो. कणभर राहिली तरी त्या साखरेवर बुरशी धरते. मग कोकोपीटचे (नारळाच्या काथ्याच्या भुशाचे) ट्रे, सुरुवातीला भरपूर दमटपणा, तो हळूहळू कमी करत शेडनेट. यात काही आठवडे जातात. घाई करून दिलेलं रोप स्वस्त मिळालं, तरी घेऊ नका.

आंब्याची टिश्यू कल्चर रोपं का नाहीत, असं विचारलंत. त्याचा तुकडा कापला की रस काळा पडतो आणि बहुतेक वेळा तुकडाही जातो. आंब्याला अजून कोय कलम, पाचर कलमच बरं.

आणि शेजारी तेल्याची बाग असेल, तर स्वच्छ रोपालाही पावसाच्या शिंतोड्यांतून, छाटणीच्या कात्रीतून तेल्या लागतोच. कात्री दर झाडाला निर्जंतुक करा.

मी एक ट्रे सोबत आणलाय. पुढे या. एक रोप काढून मुळं बघू: पांढरी, तंतुमय आहेत का, की पिशवीच्या तळाशी गोल गुंडाळलीत.