बीओडी तीस: साखर कारखान्याचं सांडपाणी आणि ‘कडक’ नियम

(दृश्य: गेटबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग, मागे धुराडं)

निवेदन:
रोज पाच हजार टन गाळप करणारा कारखाना डोळ्यांसमोर आणा. एक टन उसात सुमारे सातशे लिटर पाणी असतं. म्हणजे दररोज पस्तीस लाख लिटर पाणी उसाबरोबर गेटातून आत येतं. रस आटवताना त्याची वाफ होते, वाफ थंड झाली की कंडेन्सेट मिळतं, आणि कारखान्याची बरीचशी गरज त्यावर भागू शकते.

केंद्र सरकारचे २०१६ चे निकष याच हिशेबावर उभे आहेत. प्रक्रिया केलेलं सांडपाणी उसाच्या टनामागे १०० लिटरपेक्षा जास्त नको. गरम पाणी थंड करणाऱ्या कूलिंग टॉवरचं किंवा स्प्रे पाँडचं (फवाऱ्यांच्या तळ्याचं) पाणी आणखी १०० लिटर. बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जिवाणू जो ऑक्सिजन खातात तो, नदीत सोडायच्या पाण्यात लिटरला ३० मिलिग्रॅम आणि शेताला द्यायच्या पाण्यात १००. हे आकडे फार कडक आहेत, अशी तक्रार साखरपट्ट्यात वर्षानुवर्षं ऐकू येते. आम्हाला ती पटत नाही.

(दृश्य: ईटीपी, फेसाळलेली एअरेशन टाकी)

पाच हजार टनांना रोज पाच लाख लिटर सांडपाणी ईटीपीत, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात येतं. कच्च्या पाण्याचा बीओडी १२०० धरला, तर दिवसाला सहाशे किलोंचा भार. जाळी, तेल-ग्रीसचा सापळा, समतोल टाकी, चुन्याने सामू (पीएच) सातच्या आसपास आणणं, आणि मग एअरेशन, म्हणजे पाण्यात हवा सोडणं. इथे खरं काम जिवाणू करतात. त्यांना साखर भरपूर मिळते, पण नत्र आणि स्फुरद जवळजवळ नसतं. शंभर भाग बीओडीला पाच भाग नत्र आणि एक भाग स्फुरद, या प्रमाणाने रोज साधारण ५३ किलो युरिया आणि ३० किलो डीएपी लागतं. खर्च वाचवायला हे खत तोडलं की तंतुमय जिवाणू माजतात. लिटरच्या नळीत अर्धा तास ठेवलेला गाळ खाली बसत नाही, क्लॅरिफायरवरून, म्हणजे गाळ बसवायच्या टाकीवरून, तो पाण्याबरोबर वाहून जातो, आणि टाकीतलं सैन्यच संपतं.

दुसरी चूक तारखेची. निकषांत लिहिलंय की ईटीपी गाळपाच्या एक महिना आधी सुरू करा. शेणाचा काला किंवा चालू प्लांटचा गाळ टाकून लिटरला तीन-चार हजार मिलिग्रॅम जिवाणूंचा साठा तयार व्हायला तेवढा वेळ लागतोच. बॉयलर पेटला त्याच दिवशी हवा सोडणारा ब्लोअर सुरू केला, तर पहिले काही आठवडे काळं, आंबूस पाणीच बाहेर येणार. त्याचा दोष नियमाला कसा देता येईल?

(दृश्य: पंपाच्या ग्लँडमधून ठिबकणारं मोलॅसिस)

सगळ्यात मोठं नुकसान मात्र ईटीपीच्या आधीच होतं. एक टन मोलॅसिस, म्हणजे साखर काढून उरलेली मळी, गटारात गेलं तर साधारण साडेतीनशे किलो बीओडी वाढतो, म्हणजे दिवसभराच्या भाराच्या निम्म्याहून जास्त, आणि तोही तासाभरात. रस आटवणाऱ्या इव्हॅपोरेटरमध्ये रसाची पातळी चढली की वाफेबरोबर रसाचे थेंब उडतात आणि कंडेन्सेट गोड होतं. अल्फा नॅफ्थॉलचे दोन थेंब आणि परीक्षानळीच्या कडेने सोडलेलं सल्फ्युरिक ॲसिड एवढ्यावर ते कळतं: जांभळं कडं दिसलं की साखर आहे. कंडेन्सेट बॉयलरला वापरतात, म्हणून बॉयलर जपण्यासाठी ही चाचणी होतेच. तीच तपासणी गटाराच्या तोंडावर दर पाळीला व्हायला हवी. गटारात जाणारी साखर शेवटी शेतकऱ्याच्या उसातलीच आहे, साखरेचा उतारा तिनेच घटतो.

साफसफाईच्या दिवशी कॉस्टिक सोड्याचं पाणी एकदम ईटीपीत सोडणं हाही नेहमीचा अपघात. सामू अकरा-बारावर जातो आणि जिवाणू मरतात. वेगळी टाकी ठेवून ते थोडं थोडं सोडलं, की प्लांट सहज पेलतो.

(दृश्य: कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, फळ्या घातलेल्या, पाणी स्थिर)

आता नदीकडून पाहू. स्वच्छ पाण्यात लिटरला जेमतेम आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळलेला असतो. हवेतून नव्याने मिसळणारा सोडला, तर सहाशे किलो बीओडी साडेसात कोटी लिटर पाण्याचा सगळा ऑक्सिजन संपवतो. निकष पाळला तर रोजचा भार पंधरा किलोंवर येतो, तरीही एकोणीस लाख लिटर पाणी निर्जीव करण्याइतका. असे आकडे ठरवताना नदीत भरपूर वाहतं पाणी गृहीत धरलेलं असतं. ब्रिटनमध्ये १९१२ साली सांडपाण्यावरच्या रॉयल कमिशनने बीओडीसाठी वीसचा आकडा सुचवला, तोही किमान आठपट पाणी मिसळेल या अटीवर.

आपला हंगाम आहे हिवाळा-उन्हाळ्याचा, नेमका बंधारे अडवलेले असतानाचा. मिसळायला वाहतं पाणीच नसतं. पंचगंगेवर तेरवाड बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या येतात. तिथे शहरांचं सांडपाणी आणि इतर उद्योगही जबाबदार आहेत, पण साचलेल्या पाण्याला तीसचा आकडासुद्धा सैलच पडतो.

नियमात खरी खोट आहे ती तपासणीत. बीओडीच्या चाचणीला २७ अंशांवर तीन दिवस लागतात. उत्तर येईपर्यंत पाणी पुढच्या गावात पोहोचलेलं असतं. ऑनलाइन सेन्सर बसवलेत, पण काचेवर थर साचला की ते भलतेच आकडे दाखवतात, म्हणून ठरलेल्या दिवशी सफाई आणि कॅलिब्रेशन हवं. आणि मोजमाप फक्त शेवटच्या पाइपावर न ठेवता ईटीपीत शिरणाऱ्या पाण्यावरही ठेवलं, तर गळती त्याच पाळीत सापडेल.

बंधारे अडवलेले असताना नदीत एक थेंबही नको, अशी अट प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात घालता येईल. मग पाणी शेताला द्यायचं, आणि शेताला नको असेल तेव्हा साठवायचं. अस्तर घातलेल्या तळ्यात पंधरा दिवसांचं पाणी मावलं पाहिजे, हे आजच्या निकषांतही आहे. या कारखान्यासाठी ते होतं पंचाहत्तर लाख लिटर: तीन मीटर खोल, सुमारे पंचवीस गुंठ्यांचं तळं.